रात्रपाळीवर आलेली सुवार्ता

नाताळची कथा आपण सारेच बालपणापासून ऐकत आलो आहोत. बेथलेहेम गाव, धर्मशाळेत न मिळालेली जागा, गव्हाणीत निजविलेले बाळ आणि आकाशात उमटलेले देवदूतांचे गायन. या कथेतील एक तपशील मात्र आमच्यासारख्या, आयुष्यभर घड्याळाच्या ठोक्यावर कामाला गेलेल्या माणसाच्या मनातून जात नाही. लूकने आपल्या शुभवर्तमानात स्पष्ट नोंदविले आहे की, ख्रिस्तजन्माची पहिली वार्ता ज्यांना मिळाली ते मेंढपाळ त्या वेळी कामावर होते. ते मंदिरात उपासनेला बसलेले नव्हते की उपासतापास करीत नव्हते. रानात राहून ते रात्रीची राखण करीत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ती सुवार्ता रात्रपाळीवरच्या माणसांना मिळाली!

ज्या बाळाची ही वार्ता होती, तोही पुढे श्रमकऱ्यांतच वाढला. मार्काच्या शुभवर्तमानात नासरेथचे लोक येशूला सुतार म्हणून ओळखतात. त्याने आपले कार्य आरंभिले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असे लूक सांगतो. त्यापूर्वीच्या वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. त्या मौनात रंधा, पटाशी आणि लाकडाचा भुसा असणार, हे मानावयास हरकत नाही. असे असता आपण मात्र धर्म रविवारच्या हवाली करतो आणि उरलेले सहा दिवस कचेरी-कारखान्याच्या स्वाधीन करून मोकळे होतो. या दोन खोल्यांमधली भिंत कामावर शिकलेल्या धड्यांनीच कशी ढासळते, ते आज थोडे सांगावेसे वाटते. त्यासाठी आम्हांला आमच्या जुन्या छापखान्यात शिरावे लागेल.

उलट्या अक्षरांची सुलट छाप

सुमारे १९८० साली आम्ही एका लहानशा छापखान्यात मुद्रिते तपासण्याच्या कामावर लागलो. आज संगणकाने ते जग पुसून टाकले आहे. शिशाचे खिळे आता क्वचितच पाहावयास मिळतात. त्या काळी मात्र प्रत्येक अक्षर हाताने उचलून जुळवावे लागे. जोडाक्षरे आणि काना-मात्रा यांच्यामुळे देवनागरीच्या केसमध्ये खणच खण असत. जुळाऱ्याची बोटे न पाहता त्यांतून फिरत आणि ओळीमागून ओळ उभी राही.

खिळ्यावरचे अक्षर नेहमी उलटे असते. जुळविलेला मजकूर नुसता पाहून तो बरोबर आहे की चूक हे नवख्याला कळत नाही. शाई लावून, कागद ठेवून दाब दिला म्हणजे मग ते अक्षर सुलट होते आणि त्याचे खरे रूप दिसते. श्रद्धेचेही असेच नाही काय? ती अंतःकरणात असते तोवर इतरांना वाचता येत नाही, आणि खरे तर आपल्यालाही वाचता येत नाही. व्यवहाराचा दाब पडला म्हणजेच तिची छाप उमटते. साहेब नसताना आपण कसे वागतो, शिपायाशी कोणत्या स्वरात बोलतो, उसने घेतलेले पैसे केव्हा परत करतो, यावरून आत कोणती अक्षरे जुळविली होती ते कळते.

दुसरा धडा मुद्रितशोधनाचा. आपण स्वतः लिहिलेल्या मजकुरातील चुका आपल्याला दिसत नाहीत, हा या व्यवसायातील अगदी पहिला नियम. डोळा कागदावर जे आहे ते वाचीत नाही, जे असावे असे वाटते ते वाचतो! म्हणून एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून ती ऐकायची, अशी पद्धत होती. आत्मपरीक्षणाचे महत्त्व धर्मोपदेशक नित्य सांगतात. परंतु एकट्याने केलेले आत्मपरीक्षण बहुधा अशाच न दिसलेल्या चुकांसह छापले जाते. मूळ प्रत वाचून दाखविणारे कोणीतरी जवळ असावे लागते. पत्नी असेल, मित्र असेल, मंडळीतील एखादे वडीलधारे असेल. त्यांचे बोलणे टोचते खरे. पण ते टोचणे मुद्रितावरच्या लाल खुणेसारखे आपल्या हिताचेच असते.

तिसरा धडा सर्वांत नीरस कामाचा. छपाई आटोपली की फर्मा सोडून प्रत्येक खिळा त्याच्या खणात परत टाकावा लागे. या कामाचे कौतुक कोणी करीत नसे. पण कंटाळून एक खिळा भलत्या खणात टाकला, तर आठ दिवसांनी दुसऱ्याच जुळाऱ्याच्या ओळीत चूक निघे आणि बोलणी तो खाई. आपल्या हलगर्जीची शिक्षा अनेकदा अशा माणसाला होते, ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी नियमावली लिहिली, तीत मठाची भांडीकुंडी वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत, अशी आज्ञा कोठी सांभाळणाऱ्या बंधूला आहे. तिचा अर्थ आम्हांला त्या लाकडी खणांपुढे उभे राहून उमगला.

केडगावचा छापखाना

श्रम आणि श्रद्धा यांची अशी गाठ महाराष्ट्रात कोणी घालून दाखविली असेल, तर ती पंडिता रमाबाईंनी. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले, हे सर्वश्रुत आहे. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांचे मुक्ति सदन उभे राहिले. तेथे प्रार्थना होती, आणि शेती, विणकाम, शिवणकाम व छापखानाही होता. ज्यांना समाजाने ओझे मानले, त्या स्त्रियांच्या हाती रमाबाईंनी हुन्नर दिला.

बायबलचे मराठी भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून करावे आणि ते साध्यासुध्या स्त्रियांनाही समजावे, या ध्यासाने त्यांनी त्या भाषा आत्मसात केल्या. संस्कृतच्या या प्रकांड पंडितेने पांडित्य बाजूला ठेवून सोप्या मराठीसाठी वर्षानुवर्षे कष्ट घेतले. त्या ग्रंथाचे खिळे जुळविणे आणि छपाई करणे हे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या; संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. पूर्ण ग्रंथ हातात घेण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. तरीही काम थांबले नाही, कारण त्यांनी ते एकटीचे ठेवलेच नव्हते. आपल्या पश्चात चालेल असे काम उभारणे, हीदेखील श्रद्धाच होय.

सही केलेले मुद्रित

इतके शहाणपण सांगितल्यावर आमचा स्वतःचा हिशेब मांडणे प्राप्त आहे.

एका वर्षी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तरकार्याच्या पत्रिकेचे काम तातडीने आले. पहिल्या मुद्रितात तारीख चुकली होती. २ जानेवारीऐवजी ३ जानेवारी झाले होते. आम्ही तशी खूण केली. जुळारी काकांनी दुसरे मुद्रित आणून दिले तेव्हा आमचे लक्ष घड्याळाकडे होते. नाताळच्या गीतांसाठी मंडळी जमली होती आणि आम्हांला उशीर होत होता. आम्ही न वाचताच सही केली. तो आकडा तसाच राहिला होता!

पत्रिका टपालाने गेल्या. परगावचे काही आप्त एक दिवस उशिरा, सारे विधी आटोपल्यावर पोचले. घरचा माणूस रागाने छापखान्यात आला. मालकांनी काकांना बोलावून घेतले. "दुसरे मुद्रित दाखविले होते," एवढेच काका म्हणाले आणि त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मान खाली घातली. सही केलेला तो कागद आमच्याच खणात होता. मुद्रित न दाखविताच काम यंत्रावर चढविले असा समज होऊन काकांच्या पगारातून कागदाचे आणि छपाईचे पैसे कापले गेले.

त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी होता. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या बंधूच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, ही ख्रिस्ताची शिकवण आम्हांला पाठ होती. आम्ही तडक उठून गेलो, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. आम्ही भाकर घेतली, गीत म्हटले आणि घरी आलो. त्या रात्री झोप लागली नाही. तरी मालकांपुढे तो कागद ठेवायला आणखी आठ दिवस लागले.

मालकांनी ती रक्कम आमच्या पगारातून वळती केली, ते न्याय्यच होते. काकांची क्षमा मागणे त्याहून अवघड गेले. काका माळकरी होते, आषाढीची वारी करणारे. त्यांनी हातातली ओळ पुरी केली आणि म्हणाले, "अरे बाळ, चूक गॅलीत असताना सांगितली तर एक खिळा बदलावा लागतो. छापून झाल्यावर सगळा कागद जातो." आणि पुन्हा कामाला लागले.

पापांगीकारावर आम्ही पुढे पुष्कळ प्रवचने ऐकली. इतके थोडक्यात कोणी सांगितले नाही.

मजुरी आणि कृपा

कामाच्या जागेचे सारेच धडे मात्र श्रद्धेला लागू पडत नाहीत, हेही लक्षात ठेविले पाहिजे. कचेरीत कामाप्रमाणे दाम मिळतो, तो मिळावाच. ख्रिस्ताने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मात्र दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही सकाळपासून राबणाऱ्याइतकाच रोज मिळतो, आणि सकाळचे मजूर कुरकुर करतात. आपणही अनेकदा त्या कुरकुरणाऱ्यांच्याच रांगेत उभे असतो. सेवाज्येष्ठतेची यादी घेऊन देवापुढे जाता येत नाही. बेथलेहेमचे बाळ कोणाच्या कामाचा मोबदला म्हणून आले नाही. ते दान होते. काकांनी आमच्याशी त्यानंतर एकदाही तो विषय काढला नाही, तेही दानच होते. त्याची मजुरी आम्ही कोणत्या कामाने चुकविणार?

आज रात्री दिवे लागतील, घंटा वाजतील, करंज्या आणि केकची ताटे शेजारीपाजारी जातील. त्याच वेळी रुग्णालयात परिचारिका, फाटकाजवळ पहारेकरी आणि कुठेतरी एसटीचा चालक जागत असेल. त्यांना नाताळ चुकला असे आम्हांला वाटत नाही. लूकच्या त्या कथेचा शेवट आपण बहुधा गव्हाणीपाशीच करतो. पण लूक पुढे सांगतो की, बाळाला पाहून मेंढपाळ देवाचे गौरव करीत परत गेले.

परत कोठे गेले असतील? मेंढरे रानातच होती.