प्रायव्हेट मेम्वार्स अँड कन्फेशन्स ऑफ अ जस्टिफाइड सिनर, द

स्कॉटिश लेखक जेम्स हॉग (१७७०–१८३५) ह्याची कादंबरी. लंडन येथे १८२४ मध्ये ती निनावी प्रसिद्ध झाली. एकच हकीकत तीत दोनदा येते : प्रथम संपादकाच्या निवेदनात, नंतर रॉबर्ट रिंगम ह्याच्या आत्मवृत्तात. आपला उद्धार ईश्वराने आधीच ठरविला असल्याने कोणतेही पाप आपणास बाधत नाही, अशी रॉबर्टची श्रद्धा. रूपे पालटणारा गिल-मार्टिन हा गूढ सोबती तिच्याच आधारे त्याला खुनास प्रवृत्त करतो. अखेरीस खुद्द हॉगही मेंढपाळ म्हणून अवतरतो आणि रॉबर्टचे थडगे दाखविण्यास नकार देतो.

समकालीन वाचकांनी ह्या कादंबरीची फारशी कदर केली नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर १८३७ मध्ये निघालेल्या आवृत्तीत बरीच काटछाट होती. फ्रेंच साहित्यिक आंद्रे झीद ह्याच्या प्रस्तावनेसह १९४७ मध्ये ती पुन्हा निघाली आणि तिला नव्याने वाचकवर्ग लाभला. झीदच्या मते गिल-मार्टिन हे रॉबर्टच्याच वासनांचे मूर्त रूप होय. तथापि संपादकाच्या निवेदनात तो इतरांच्याही दृष्टीस पडतो. म्हणून त्याला प्रत्यक्ष सैतान मानणारे वाचकही आहेत. कादंबरी ह्यांपैकी कोणताही पक्ष निर्णायक ठरवीत नाही. स्वतःच्या निर्दोषत्वाची पूर्ण खात्री असलेला माणूसच येथे खुनी आहे. तिच्यातील भयाचे मर्म ह्यातच आहे.