विश्लेषण : आधी चित्रे, मग माहितीपट, शेवटी कायदा! भूपेन खख्खर यांची चित्रे ‘अश्लील’ का ठरत नाहीत?

पुरुषांमधील प्रेम आणि शारीर ओढ उघडपणे रंगवणाऱ्या भारतीय चित्रकारांमध्ये भूपेन खख्खर (१९३४-२००३) यांचे नाव सर्वात आधी घेतले जाते. त्यांच्यावर माहितीपट निघाले, त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र जे प्रेम त्यांनी रंगवले, ते त्यांच्या हयातीत कायद्याने गुन्हाच होते.

खख्खर कोण होते?

जन्म मुंबईचा, घर गुजराती, पेशा चार्टर्ड अकाउंटंटचा. १९६२ मध्ये ते बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेच्या शिक्षणासाठी गेले आणि तिथलेच झाले. हे सयाजीराव म्हणजे खान्देशाच्या वेशीवरच्या, मालेगाव तालुक्यातील कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले राजे. खख्खर हिशेबाचे काम सांभाळून चित्रे काढत. न्हाव्याचे दुकान, घड्याळ दुरुस्त करणारा अशी साधी माणसे हे त्यांचे सुरुवातीचे विषय.

चित्रांमध्ये वेगळे काय?

१९७९ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी समलिंगी जोडपी उघडपणे एकत्र राहताना पाहिली. १९८० मध्ये आईचे निधन झाले. त्यानंतर स्वतःचे समलिंगी असणे त्यांनी चित्रांतून लपवले नाही. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१) या चित्रात गच्चीत उभा असलेला नग्न पुरुष खाली पाहतो आहे. खाली बापलेक आणि गाढवाची गोष्ट घडते आहे. काहीही केले तरी लोक नावे ठेवणारच, ही आपल्याही ओळखीची गोष्ट. ‘टू मेन इन बनारस’ (१९८२) मध्ये दोन नग्न पुरुष मिठीत आहेत आणि मागे काशीचे रोजचे जीवन सुरू आहे. त्यांचे पुरुष पीळदार तरुण नसतात. बहुधा पिकल्या केसांचे, सुटलेल्या पोटाचे, मध्यमवर्गीय असतात.

माहितीपट कोणते?

ब्रिटिश दिग्दर्शिका जूडी मार्ल यांचा ‘मेसेजेस फ्रॉम भूपेन खख्खर’ १९८३ चा. मराठी लेखक-दिग्दर्शक अरुण खोपकर यांच्या ‘फिगर्स ऑफ थॉट’ (१९९०) मध्ये खख्खर यांच्यासह नलिनी मलानी आणि विवान सुंदरम आहेत. दोन्ही वेळी भारतात कलम ३७७ लागू होते आणि कमाल शिक्षा जन्मठेपेची होती.

जगात काय घडले?

समलिंगी शृंगाराच्या रेखाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘टॉम ऑफ फिनलंड’वर १९९१ मध्ये माहितीपट आला. फिनलंडने समलिंगी संबंध १९७१ मध्येच गुन्ह्यातून वगळले होते. २०१४ मध्ये तेथील टपाल खात्याने त्याच्या चित्रांची तिकिटेही काढली. तिथे कायदा आधी बदलला. आपल्याकडे क्रम उलटा. सरकारने खख्खर यांना १९८४ मध्ये पद्मश्री दिली. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हाही कलम ३७७ कायम होते. प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा; खख्खर यांच्या निधनानंतर १५ वर्षांनी आलेला.

मग आज अशी चित्रे अश्लील ठरतात का?

केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची सीमाशुल्क विभागाने अडवलेली सात चित्रे सोडण्याचा आदेश देताना हेच स्पष्ट केले. अश्लीलतेचा कायदा आजही आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ त्यासाठीच आहे. मात्र कला, साहित्य, विज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या कलाकृतींना त्यात सूट आहे. चित्रातली जोडी स्त्री-पुरुषाची आहे की दोन पुरुषांची, यावर ही सूट अवलंबून नाही. जळगाव किंवा धुळ्यात वहीत अशी चित्रे काढून ती लपवणाऱ्या एखाद्या तरुणाला हे माहीत असणे गरजेचे आहे.