दक्षिण साताऱ्याची पट्टी

संपादकांनी पाठवलं ते एका तंबोऱ्यासाठी. पाटणमधल्या एका जुन्या घरात कित्येक वर्षं भिंतीला टेकून उभा असलेला, मोठ्या भोपळ्याचा, खालच्या पट्टीत लागणारा. घरचे सांगतात, पणजोबांनी तो संस्थानी काळात मिरजेहून आणला. पावती नाही, पत्र नाही. तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या, खालच्या कडेला नावाच्या पट्टीचा फाटका तुकडा तेवढा चिकटून आहे आणि त्यावर ‘…ज, जि. दक्षिण सा…’ एवढंच वाचता येतं.

या तुकड्यानेच मला कराडमार्गे मिरजेला नेलं. मिरज संस्थान विलीन झालं १९४८ मध्ये. दक्षिण सातारा जिल्हा झाला १९४९ मध्ये आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे ही पट्टी त्या अकरा वर्षांतली, फार तर जुने छापील कागद संपेपर्यंतच्या पुढच्या काही वर्षांतली. मग पणजोबा आणि त्यांचं संस्थान कुठे बसवायचं?

जुन्या इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना याबाबतीत हेवा वाटावा अशी सोय आहे. अमेरिकन गिटारचं नाव-गाव पुसलं गेलं तरी आतल्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. १३७ने सुरुवात असेल तर सीटीएस कंपनी, ३०४ असेल तर स्टॅकपोल. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. १३७६६३३ म्हणजे १९६६चा तेहतिसावा आठवडा. अर्थात तो वाढदिवस बटणाचा, गिटारचा नव्हे. गिटार त्याआधीची नाही, एवढंच त्यावरून म्हणता येतं, आणि तेही बटण मूळचं असेल तर. तंबोऱ्यात असा आकडा कुठेच नसतो.

मिरजेचा इतिहास सगळीकडे एकसारखाच सांगितला जातो: हत्यारांना धार लावणारे शिकलगार, त्यांच्यातले फरीदसाहेब, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दुरुस्तीतून सुरू झालेला सतार-तंबोऱ्यांचा व्यवसाय, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि गावाचं नाव गवयांच्या तोंडी कायमचं बसलं. मला ओढ होती ती एका वयस्क कारागिराची. त्यांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि पट्टीकडे पाहिलंच नाही. आधी दांडीवरून अंगठा फिरवला, मग गळ्याच्या सांध्यावर नख टेकवलं, मग तारा जिच्यावरून जातात त्या घोडीकडे वळले.

घोडी सांबरशिंगाची होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिंग आणि हस्तिदंत या धंद्यातून मागे पडत गेले. आता हाडाच्या किंवा कृत्रिम घोड्या बसतात. घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला केसभर उतार असतो. तार त्यावर एका ठिकाणी न टेकता घासत जाते. तिच्याखाली सुताचा धागा सरकवत नेला की एका जागी स्वर उमलतो आणि एका तारेतून अनेक स्वर ऐकू येऊ लागतात. हीच जवारी. वाजून वाजून तार माथ्यावर चरा पाडते, आवाज बसतो, मग कारागीर कानसीने माथा पुन्हा घासून घेतो. दर वेळी घोडी थोडी झिजते, शेवटी बदलावी लागते. या घोडीखाली तबलीवर आणखी एका, जरा रुंद घोडीच्या पायांचे फिकट ठसे होते. म्हणजे ही किमान दुसरी.

गळ्याचा सांधा सरसाचा निघाला. ओलं गरम फडकं धरताच तो चिकट झाला. भोपळ्याच्या चिरेत मात्र पांढऱ्या गोंदाचा रबरासारखा थर. फेव्हिकॉल १९५९ साली आला, त्यामुळे ही डागडुजी त्यानंतरचीच असणार. घरात एक आठवण आहे की ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपात तंबोरा पडला होता. जुळतं, पण सिद्ध होत नाही. तबलीवर पॉलिशचं एकच पुट, दांडीवर जुन्या चपड्याचे थरावर थर.

“दांडी म्हातारी आहे, तबली तिची नात,” कारागीर म्हणाले.

माझा निष्कर्ष असा: दांडी आणि गळा पणजोबांच्या वेळचे असू शकतात. तबली पन्नाशीच्या दशकात मिरजेत बदलली आणि दुकानाने आपली पट्टी तेव्हा लावली. वर्ष विचाराल तर एक सांगता येणार नाही. लाकडाची कार्बन चाचणीही गेल्या तीनशे वर्षांत नेमकं बोट ठेवत नाही.

इथूनच माझी काळजी सुरू होते. मिरजेची दुरुस्ती जितकी चांगली, तितका जुना पुरावा साफ होतो. कानस चरा घेऊन जाते, नवं पॉलिश जुने थर खाली दाबतं, तबली उघडताना पट्टी फाटते. वाद्य गायलं पाहिजे, हे कारागिराचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण आजवर हे पुरावे वाचत आली ती याच लोकांची बोटं, आणि ती बोटं कमी होत चालली आहेत. मोबाइलमधल्या तंबोऱ्याने विद्यार्थी गिऱ्हाईक नेलं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. मोठा, जाड सालीचा, नीट वाळलेला मिळणं अवघड झालंय. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला आनंद आहे. त्याने नव्या वाद्याचं गाव पक्कं होईल, पण घराघरांत उभ्या असलेल्या जुन्या वाद्यांची नोंद त्यात येत नाही.

मी कारागिरांना विचारलं: काढलेली घोडी, जुन्या पट्टीचा तुकडा पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत देता येईल का? दुरुस्तीची तारीख आणि काय काय बदललं ते तबली बंद करण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिता येईल का? त्यांनी थोडा विचार केला. घोडी देऊ, म्हणाले, लिहायलाही हरकत नाही. पण गिऱ्हाईक जुनी घोडी घरी नेऊन फेकून देतं. पाटणच्या घरच्यांना मी त्याच रात्री फोन केला. चिरेचं काम पुन्हा करायचं ठरलं आहे, जवारीही काढायची. पट्टीच्या तुकड्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी कबूल केलं.