नागीण काय सांगते?

नागिणीचे तोंड आणि शेपटी एकमेकांना मिळाली की माणूस दगावतो, असे आपल्याकडे अजूनही ऐकू येते. प्रत्यक्षात ती सहसा मिळतच नाहीत. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतात. प्रतिकारशक्ती घटली की ते एखाद्या मज्जातंतूवाटे त्वचेपर्यंत येतात. हा तंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असतो. म्हणून फोडांचा पट्टाही मध्यरेषेपाशी थांबतो.

म्हातारपणी नागीण होणे नवलाचे नाही. पण पंचविशीतल्या गरोदर स्त्रीला ती झाली, तर एच.आय.व्ही.ची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टर आवर्जून पाहतात. हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी नष्ट करतो. प्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या या पेशी कमी झाल्या की एरवी दबून असलेले रोगजंतू डोके वर काढतात. नागीण होते, तोंडात बुरशीचा पांढरा थर जमतो. शिवाय हातापायांवर खाजऱ्या पुळ्या येतात आणि त्या महिनोन् महिने जात नाहीत.

अडचण अशी, की गरोदरपणातही खाज सुटतेच. शेवटच्या महिन्यांत पोटावरच्या ताणाच्या रेषांपासून सुरू होणारे पुरळ त्रासदायक, पण बाळाला निरुपद्रवी असते. याउलट, पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजत असतील, तर यकृतातून पित्त नीट वाहत नसण्याची शक्यता असते. त्यात बाळाला धोका असतो. काही वेळा पुरळ औषधांमुळेही येते. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद न करता ते लगेच डॉक्टरांना दाखवावे.

मात्र त्वचा नितळ म्हणजे विषाणू नाही, असे उलटे गणित मांडता येत नाही. लागण झाल्यावर कित्येक वर्षे अंगावर एकही खूण नसू शकते. म्हणूनच गरोदरपणी प्रत्येक स्त्रीने संमतीपूर्वक रक्त तपासून घेणे महत्त्वाचे. उपचार न झाल्यास अशा मातांच्या शंभरांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. वेळेवर उपचार झाल्यास हे प्रमाण ५ च्याही खाली येते. भारतात २०१४ पासून लागण झालेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला आयुष्यभर उपचार देण्याचे धोरण आहे.

विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी. एच.आय.व्ही. स्पर्शाने पसरत नाही. नागिणीच्या फोडांतील पाण्यामुळे मात्र, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला त्या होऊ शकतात. नागीण उठली तर तिची शेपटी शोधत न बसता तीन दिवसांच्या आत दवाखाना गाठावा. औषधांचा गुण तेव्हाच सर्वाधिक येतो.