हिरवा रोग, पांडुरोग

इंदिरानगरात आमच्या शेजारी सोळा वर्षांची एक मुलगी आहे. चेहरा फिकट, जिना चढली की धाप लागते, आणि पाटीवरच्या पेन्सिली खाण्याची सवय. तिची आजी मला म्हणाली, "लग्न झालं की सगळं ताळ्यावर येईल बघा." मी दचकले. मी वैद्य नाही. पण स्त्रियांच्या आजारांवरचे जुने उपाय शोधण्याचा मला छंद आहे आणि हाच उपाय मी सतराव्या शतकातल्या इंग्लंडबद्दल वाचताना पाहिला होता.

तिकडे फिकट, थकलेल्या, पाळी थांबलेल्या तरुण मुलींच्या आजाराला 'ग्रीन सिकनेस', म्हणजे हिरवा रोग म्हणत. अशा मुली खडू, कोळसा, माती खातात, हेही लिहून ठेवलेले आहे. योहानेस लांगे या जर्मन वैद्याने १५५४मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि उपाय सांगितला तो लग्नाचा. अंगात रक्त अडून राहते, लग्नाने त्याला वाट मिळते, ही त्यामागची समजूत. शेक्सपिअरच्या नाटकात लग्नाला नकार देणाऱ्या ज्युलिएटला तिचा बाप याच रोगाच्या नावाने शिवी देतो. तेव्हा तिला चौदावेही पुरे झालेले नसते.

पुढे थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने अशा रोग्यांना मद्यात भिजवलेला लोखंडाचा कीस दिला. आपल्या चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार आहेत. त्यांतला एक माती खाल्ल्याने होणारा. त्यावरच्या औषधांत लोहयुक्त नवायस चूर्ण आहे. म्हणजे योग्य औषध दोन्हीकडे हाताशी होते, तरी घराघरांत सल्ला मात्र लग्नाचा.

हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. माती किंवा खडू खावासा वाटणे हे शरीरात लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते. एका गरोदरपणात सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. आधीच रिकाम्या असलेल्या कोठारातून ते येणार कुठून? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

आजींना मी चरक सांगितला नाही की शेक्सपिअर. एवढेच म्हटले, "काकू, आधी रक्त तपासून घेऊ." हिमोग्लोबिन १२ हवे, ते ७.५ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. लग्नाचा विषय तूर्त मागे पडला आहे.