चेनसॉ : रचना, धोके आणि सुरक्षित वापर

रचना
चेनसॉ म्हणजे इंजिनावर किंवा विजेच्या मोटरीवर चालणारी साखळी-करवत. पोलादी बारभोवती दातेरी साखळी फिरते. पेट्रोलच्या यंत्रात इंजिनाचा वेग वाढला की केंद्रोत्सारी क्लच साखळीला गती देतो. थ्रॉटल सोडल्यावरही साखळी फिरत राहिली, तर ते यंत्र दुरुस्तीशिवाय वापरू नये.

उसळी
पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की दाते अडकतात आणि बार चालकाच्या चेहऱ्याकडे उसळतो. हात आवरण्याइतकाही अवधी मिळत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोर चेन ब्रेक असतो. यंत्र दोन्ही हातांनी धरावे, डावा अंगठा मुठीखालून वळवलेला असावा आणि शरीर बारच्या रेषेच्या बाजूला ठेवावे.

पोशाख
हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी, कानांवर मफ, हातमोजे आणि मजबूत बूट आवश्यक आहेत. चेनसॉसाठीच्या पँटमध्ये लांब तंतूंचे थर असतात. साखळीचा स्पर्श होताच ते तंतू ओढले जाऊन चक्रात गुंततात व साखळी थांबते.

फांदी तोडणे
जड फांदी वरून एकाच कापाने तोडली, तर ती तुटताना खोडाची साल सोलत नेते. म्हणून तीन काप घेतात. पहिला खोडापासून थोडा दूर, खालून, जाडीच्या एक-तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या किंचित बाहेर, वरून. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट काढताना फांदीच्या बुडाशी असलेले फुगीर कडे शाबूत ठेवावे. जखम तेथूनच भरून येते.

झाड पाडणे
ज्या दिशेला झाड पाडायचे, त्या बाजूला व्यासाच्या सुमारे एक-पंचमांश खोल खाच घेतात आणि मग मागून काप देतात. दोहोंमध्ये व्यासाच्या एक-दशांश जाडीची पट्टी न कापता ठेवतात. हीच बिजागरी झाडाला दिशा देते. ती कापली गेली की झाडावर नियंत्रण उरत नाही. मागे तिरक्या दिशेने निसटण्याची वाट आधीच मोकळी करावी. झाडाच्या दुप्पट उंचीइतक्या परिसरात इतर कोणी नसावे.

वादळात पडलेली झाडे
जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत असंख्य झाडे पाडली. अशा झाडांत ताण साठलेला असतो. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबलेली, तर खालची ताणलेली असते. दाबाच्या बाजूने खोल कापल्यास बार चिमटतो. ताणाची बाजू आधी कापल्यास लाकूड अचानक फाटते. म्हणून आधी दाबाच्या बाजूने उथळ काप देऊन मग ताणाच्या बाजूने पूर्ण करतात. जवळ वीजतारा असल्यास पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत काम सुरू करू नये.

मर्यादा
साखळीतून लाकडाचे कण न पडता पिठासारखा भुसा पडू लागला, तर दाते बोथट झाले आहेत. मग चालक जोर लावतो, थकतो आणि त्याचा तोल जाण्याची शक्यता वाढते. शिडीवरून किंवा खांद्याच्या वर चेनसॉ चालवू नये. उंच फांद्यांचे काम दोर व पट्टा वापरणाऱ्या प्रशिक्षित कामगारांचे आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागांत झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पूर्वपरवानगी लागते.