मिठाचा हात आखडताना

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात हिवाळ्याचे महिने रहदारी निर्वेध चालावी म्हणून रस्त्यांवर जे मीठ पसरले जाते, त्यातील केवळ एक चमचा सुमारे 19 लिटर गोड्या पाण्याला जलचरांस बाधेल इतके दूषित करतो, आणि हिम वितळून गेले तरी त्यातले क्लोराइड मात्र ओढ्यानाल्यांवाटे सरोवरांत उतरून तळाशी साचत राहते. एकदा विरघळलेले हे क्लोराइड अवघ्या सरोवरातून वेगळे काढण्याचा परवडणारा उपाय उपलब्ध नसल्यामुळे, जी काही तजवीज करावयाची ती मीठ टाकणाऱ्याच्या हातापाशीच केली पाहिजे, हे ओळखून तेथील प्रदूषण नियंत्रण खात्याने रस्ते-कामगारांसाठी ‘स्मार्ट सॉल्टिंग’ नावाचे प्रशिक्षण चालविले आहे.

या शिक्षणाचा गाभा मला अतिशय मोलाचा वाटतो, कारण ते कामगाराला नुसती काटकसर सांगत नाही, तर पदार्थाचा स्वभाव समजावून देते. हवेचे नव्हे, तर फरसबंदीचे तापमान पाहावयाचे, कारण ते उणे 9 अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की साध्या मिठाचा प्रभाव झपाट्याने मंदावतो, आणि मग कितीही ओतले तरी ते बहुतांशी वायाच जाते. आधी हिम खरवडून दूर सारावयाचे आणि मगच मीठ टाकावयाचे. कोरडे दाणे उसळून रस्त्याबाहेर उडतात, म्हणून ते ओलावून घ्यावयाचे. आणि शक्य तेथे वादळापूर्वीच सुमारे 23 टक्क्यांच्या मिठवणीच्या रेघा रस्त्यावर ओढावयाच्या, म्हणजे बर्फ पृष्ठभागाला घट्ट चिकटतच नाही. यंत्र प्रत्यक्षात किती मीठ फेकते, हे मोजून त्याचे माप बसविण्यावरही भर असतो. पदपथाच्या दहा चौकोनांना कॉफीचा एक मोठा पेला भरून मीठ पुरते, हे ऐकून पोत्याने मीठ रिचविणाऱ्याला प्रथम विश्वास बसत नसेल, तर त्यात नवल नाही.

तथापि अज्ञानापेक्षा भय अधिक मीठ सांडते. कोणी घसरून पडला तर दावा आपल्यावर येईल, या धास्तीने खाजगी कंत्राटदार हात सैल सोडतात, आणि वाहनतळावर पांढरा थर दिसला की जागेच्या मालकालाही काम चोख झाल्याचे समाधान वाटते. न्यू हॅम्पशायर राज्याने या भयावर कायद्यानेच इलाज शोधला: 2013 साली तेथे अशी तरतूद झाली की, जो कंत्राटदार प्रशिक्षण घेऊन दाखला मिळवील, मान्य पद्धतींनी काम करील आणि वापरलेल्या मिठाची नोंद दप्तरी ठेवील, त्याला बर्फावरून घसरण्याच्या दाव्यांत, घोर हलगर्जीपणा सोडून, कायद्याचे संरक्षण मिळावे. हे संरक्षण जागेच्या मालकालाही लागू केल्यामुळे, दाखलेवाला माणूसच कामावर घेण्यात त्याचाही स्वार्थ गुंतला आहे.